मूल पास झाले, पण त्याला वाचता येते का?

आपल्या वस्तीत आज शाळेत नाव नसलेले मूल शोधावे लागते. ही गोष्ट सहजासहजी घडलेली नाही. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या अक्षराजवळ फिरकू दिले नाही, त्या समाजाने दोन-तीन पिढ्यांत हे करून दाखवले आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते. बौद्धांमध्ये ते ८१ टक्क्यांच्या वर होते. देशातील सर्व स्त्रियांमध्ये साक्षरता सुमारे ६५ टक्के, तर बौद्ध स्त्रियांमध्ये ७४ टक्के. त्या वेळी देशात ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांतील ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात होते. म्हणजे हे आकडे परक्या कुणाचे नाहीत, आपल्याच घरादाराचे आहेत. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, सफाई खात्यात, बांधकामावर आणि शेतावर राबणाऱ्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन हे घडवले. त्याचा अभिमान जरूर बाळगावा.

पण अभिमानाने भरलेल्या मनाने एक प्रश्नही विचारला पाहिजे. मूल शाळेत जाते, म्हणजे ते शिकते काय? मूल पास होते, म्हणजे त्याला येते काय?

आम्ही विहारातील अभ्यासवर्गात बसतो तेव्हा हा प्रश्न आमच्यासमोर रोज उभा राहतो. सातवीतला एक मुलगा आला. आई चार घरची धुणीभांडी करते. प्रगतिपुस्तक तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून, देव्हारा जपावा तसे जपून ठेवले होते. श्रेणी चांगली होती. आम्ही मुलासमोर चौथीचे मराठीचे पुस्तक ठेवले. पहिल्या ओळीत तो नीट चालला. दुसऱ्या ओळीत जोडाक्षर आले आणि तो थांबला. मग अंदाजाने काहीतरी म्हणून पुढे गेला. पान संपल्यावर विचारले, "बाळ, यात काय होते रे?" त्याने मान खाली घातली. आई म्हणाली, "पण सर, तो तर दर वर्षी पास होतो!" त्या माउलीचे म्हणणे खोटे नव्हते, आणि मुलगा मठ्ठही नव्हता. तिसरीत कुठेतरी त्याची गाडी रुळावरून घसरली आणि चार वर्षे ते कुणाच्या लक्षातच आले नाही.

बाबासाहेबांनी लावलेली कसोटी

परमपूज्य बाबासाहेबांनी या प्रश्नावर बोट ठेवले, त्याला जवळजवळ शंभर वर्षे होत आली. १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या आधी जेमतेम आठवडाभर, त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात, हे त्यांनी सरकारला दाखवून दिले. प्राथमिक शिक्षणाचा हेतू काय असावा, हेही त्यांनी सांगितले. शाळेचा उंबरा ओलांडून आत आलेले मूल जेव्हा बाहेर पडेल, तेव्हा ते साक्षर झालेले असले पाहिजे आणि जन्मभर साक्षर राहिले पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

ही कसोटी नीट पाहा. किती मुलांची नावे पटावर आहेत, किती पास झाली, हे बाबासाहेब विचारत नाहीत. मुलाच्या हाती जन्मभराची अक्षरे लागली की नाही, एवढेच ते विचारतात. १९२७ मध्ये मूल चौथीच्या आत शाळा सोडत होते. आज ते शाळा सोडत नाही. आठवीपर्यंत बाकावर बसते, पण काही मुले वाचता न येताच बसलेली असतात. गळती पूर्वी शाळेच्या दारातून व्हायची, आता ती वर्गात बसल्या जागी होते. म्हणून ती दिसत नाही.

तिसरी ते आठवी : दरी कशी रुंदावते

'असर' या नावाने देशभरातील खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांच्या वाचनाची आणि गणिताची पाहणी २००५ पासून होत आली आहे. २०२२ च्या पाहणीत पाचवीतील १०० मुलांपैकी सुमारे ४३ मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता आला. आठवीत हे प्रमाण ७० च्या आसपास होते. याचा अर्थ, आठवीच्या वर्गातील दर १० पैकी ३ मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित आठवीतील निम्म्या मुलांनाही जमले नाही. करोनामुळे मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळांचा हा फटका होताच. पण त्याआधी, २०१८ मध्येही, पाचवीतील निम्मीच मुले दुसरीचा उतारा वाचत होती. २०२४ च्या पाहणीत स्थिती थोडी सुधारलेली दिसली, तरी निम्म्याच्या पुढे गाडी गेली नाही.

ही सर्व जातीधर्मांच्या ग्रामीण मुलांची बेरीज आहे, केवळ आपल्या मुलांची नाही. मग यात आपला वेगळा प्रश्न कोणता? ज्या घरात आई पदवीधर आहे, वडिलांना सायंकाळी वेळ आहे, चांगली शिकवणी लावायला पैसा आहे, त्या घरात शाळेत राहिलेली उणीव महिनाभरात भरून निघते. जिथे वडील दुसऱ्या पाळीवरून रात्री उशिरा येतात आणि आई पहाटे पाण्याला लागते, तिथे ती उणीव तशीच राहते आणि पुढच्या वर्षी दुप्पट होते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेल्या मुलाचे तर अर्धे वर्षच वाहून जाते. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय करण्याची योजना आहे. पण तिची चौकशी दिवाळीनंतर करून उपयोग नाही, गाव सोडण्याआधी केली पाहिजे.

दरी पडण्याची जागाही ठरलेली आहे. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते. तिसरी-चौथीपासून त्याने वाचून शिकायचे असते. इथून पुढे परिसर अभ्यास, इतिहास, विज्ञान हे सगळे पुस्तकातून येते. गणितसुद्धा शब्दांत येते : "एका दुकानदाराने अमुक डझन केळी तमुक रुपयांना घेतली..." ज्याला ओळ वाचता येत नाही, त्याला बेरीज येत असूनही गणित चुकते. मग शिक्षक म्हणतात, गणित कच्चे आहे. कच्चे असते वाचन!

त्यातच २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणालाही नापास करायचे नाही असे ठरले. हेतू चांगला होता. नापासाचा शिक्का बसून शाळा सोडणारी मुले बहुतेक गरिबांचीच असत. पण नापास करायचे नाही याचा अर्थ शिकवले नाही तरी चालेल, असा अनेक ठिकाणी घेतला गेला. पुढे २०१९ मध्ये केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पाचवी व आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. या परीक्षेत नापास झालेल्या मुलाला फेरपरीक्षेची संधी मिळते. तिथेही नापास झाले तर ते त्याच वर्गात राहते. म्हणजे आता पालकांना पाचवीत धक्का बसेल. पण पाचवीत कळणारे दुखणे तिसरीत जडलेले असते. तपासायचे तर तिसरीतच तपासले पाहिजे.

दोष मुलाच्या डोक्यात नाही

मूल मागे पडले की घरात आणि शाळेत एकच शब्द ऐकू येतो, 'मठ्ठ'. काही ठिकाणी तर जातीकडे बोट दाखवून सूचक हसले जाते. या विषारी समजुतीची परीक्षा शास्त्राने घेतली आहे, ती प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधक महिलांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांवर एक प्रयोग केला. निम्मी मुले सवर्ण, निम्मी दलित. सर्वांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली आणि सुटलेल्या प्रत्येक कोड्याला एक रुपया दिला. कुणाचीही जात पुकारली नाही तेव्हा दोन्ही गटांनी सारखीच कोडी सोडवली. दरी नव्हतीच! मग दुसऱ्या गटांत सुरुवातीलाच प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली. लगेच दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या ठळकपणे खाली आली. मुले तशीच, कोडी तशीच, कोड्यामागचा रुपयाही तोच. बदलली ती फक्त वर्गातली हवा. २००४ मध्ये जागतिक बँकेने हा अभ्यास प्रसिद्ध केला.

रेमा हॅना आणि ली लिंडन यांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग उत्तरपत्रिका तपासण्याचा होता. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर कोणतीही जात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी लिहून त्या शिक्षकांना तपासायला दिल्या. खालची जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना सरासरीने थोडे कमी गुण पडले. फरक मोठा नव्हता, पण होता. आणखी विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे, हात आखडणाऱ्यांत खालच्या मानलेल्या जातींतून आलेले शिक्षकच पुढे होते. जातीची ही घाण आपल्याही मनात घर करून बसते, हे त्यातून शिकायचे. आपल्या पोराला आपणच 'तुझ्याच्याने काय होणार?' म्हणतो, तेव्हा आपणही तेच करतो.

बाबासाहेबांच्या बालपणात हेच घडले होते. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गात गोंधळ उडाला. फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी धावत जाऊन ते बाजूला केले, मगच भीमरावाला फळ्यापर्यंत जाता आले. अशा वर्गात शिकून बाबासाहेब १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्केवारी काढली तर चाळिशीच्या आत! आणि याच विद्यार्थ्याने पुढे कोलंबिया आणि लंडन विद्यापीठांतील सर्वोच्च पदव्या मिळवल्या आणि या देशाच्या संविधानाचा मसुदा तयार केला. त्या २८२ गुणांत वर्गातली हवा मोजली गेली होती, भीमरावाचे डोके नव्हे.

मात्र या गोष्टीचा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. "बाबासाहेबांनाही कमी गुण होते" म्हणून स्वस्थ बसायचे नाही. त्या गुणांमागे परळच्या चाळीतील एक खोली होती. त्या खोलीत सुभेदार रामजींची जागरणे होती. स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग भीमरावाला अभ्यासाला उठवायचे आणि त्यानंतर आपण पाठ टेकायची, असा त्यांचा नेम होता. पुस्तकासाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या लेकींकडून उसने घ्यायचे, त्यांचा दागिना गहाण ठेवायचा, पण पुस्तक आणायचे. खोली एकच होती. रामजींनी तीतूनच अभ्यासाची वेळ काढली.

दहावी झालेली मुलगी काय करू शकते

पडलेली दरी भरून निघते काय? निघते. त्याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून काम सुरू केलेल्या 'प्रथम' या संस्थेने महानगरपालिकेच्या शाळांत 'बालसखी' नेमल्या. बालसखी म्हणजे त्याच भागातली, शालेय शिक्षण पुरे झालेली तरुण मुलगी. डी.एड. नाही, बी.एड. नाही. दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. तिसरी-चौथीत मागे पडलेली १५-२० मुले वर्गाबाहेर घेऊन ती रोज दोन तास अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी एवढेच शिकवायची. इयत्तेचा धडा नव्हे. मूल जिथे अडले, तिथून पुढे.

२००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात या कामाची शास्त्रीय तपासणी झाली. बालसखी असलेल्या शाळांतील मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत जास्त वाढले ते सर्वांत मागे असलेल्या मुलांचे. ही तपासणी करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे नाव जगभर झाले याचा आनंद आहे. पण आमच्या दृष्टीने खरी मोठी ती चाळीतली मुलगी. अशी दहावी-बारावी झालेली मुलगी आज आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. आपण तिला कधी विचारले आहे काय?

बौद्ध वाङ्मयात चुल्लपंथकाची कथा आहे. या भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. सख्ख्या मोठ्या भावानेच त्याला "तू निरुपयोगी आहेस" म्हणून विहारातून घालवून दिले. तथागतांनी त्याला दारातून परत आणले. पुन्हा तीच गाथा त्याच्या माथी मारली नाही. हातात एक पांढरे स्वच्छ फडके दिले आणि ते चोळत बसायला सांगितले. फडके मळत गेले, आणि त्यातूनच चुल्लपंथकाला अनित्यतेचा बोध झाला. मुलाला जे झेपते तिथून सुरुवात करावी, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी आपल्या शास्त्याने करून दाखवली आहे.

घरी करून पाहण्याजोगे

धम्म वंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा. प्रगतिपुस्तकाच्या बाबतीतही तेच करावे. श्रेणीवर विसंबू नये, स्वतः पाहावे. त्यासाठी आईबाप शिकलेले असायलाच हवेत असे नाही.

मुलासमोर त्याने पूर्वी न पाहिलेला मजकूर ठेवावा. शाळेचा धडा नको, तो त्याला पाठ असतो. हेच पान ठेवा! औषधाच्या बाटलीवरचा कागद, विजेचे बिल, एस.टी.चे वेळापत्रक, काहीही चालेल. मोठ्याने वाचायला सांगावे. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिलाही कान आहेत. मूल बोलल्यासारखे वाचते की ठेचा खात वाचते, हे तिला लगेच कळते. वाचून झाल्यावर एवढेच विचारावे, "यात काय सांगितले?" सांगता आले तर वाचन झाले. नुसता आवाज आला तर नाही.

तिसरीच्या मुलाला हातचा घेऊन दोन अंकी वजाबाकी यावी. पाचवीच्या मुलाला तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता यावे. बाजारातून आल्यावर हिशेब त्यालाच करायला लावावा. शंभराची नोट दिली, चौसष्टाचे सामान झाले, परत किती आले?

मूल अडले तर मारू नये, हिणवू नये, शेजाऱ्यासमोर तर मुळीच नाही. जिथे अडले तिथले पुस्तक काढावे. सातवीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक लागले तर दुसरीचे. रोज सायंकाळी अर्धा तास मोठ्याने वाचन, दहा ओळी शुद्धलेखन आणि पाच गणिते. त्या अर्ध्या तासात टी.व्ही. आणि मोबाइल बंद, सगळ्या घराचा बंद. पोराने वाचायचे आणि मोठ्यांनी मोबाइलवर हसत बसायचे, हे चालणार नाही.

आणखी एक. हा अर्धा तास मुलीलाही मिळाला पाहिजे. मुलगा पुस्तक घेऊन बसतो आणि त्याच वेळी मुलगी भाकरी थापते, धाकट्याला सांभाळते, नळावर उभी राहते, हे चित्र सावित्रीमाईचे नाव घेणाऱ्या घरात शोभत नाही. कामे वाटून घ्या. मुलाच्या हातालाही भांडी घासता येतात.

इंग्रजी शाळेचा मोह

आम्ही इंग्रजीच्या विरोधात नाही. बाबासाहेबांनी इंग्रजीच्या बळावर जग जिंकले आणि आपल्या मुलांनाही ती उत्तम आली पाहिजे. पण गल्लीतल्या दोन खोल्यांत भरणाऱ्या, टाय-बुटाची सक्ती करणाऱ्या शाळेत, ज्या बाईंना स्वतःला इंग्रजी बोलता येत नाही त्यांच्याकडे मूल टाकायचे आणि त्यासाठी कर्ज काढायचे, याला शिक्षण म्हणत नाहीत. अशी मुले आम्ही पाहतो. त्यांना इंग्रजीतले समजत नाही आणि मराठीतले वाचता येत नाही. २०२२ च्या त्याच पाहणीत पाचवीतील दर चार मुलांपैकी जेमतेम एकाला इंग्रजीची सोपी वाक्ये वाचता आली होती. एका भाषेत वाचन पक्के झालेल्या मुलाला दुसरी भाषा लवकर येते. मूल कोणत्या माध्यमात आहे, हे पाहण्याआधी त्याला तिथे काय येते ते पाहा. वरची कसोटी इंग्रजी शाळेच्या मुलालाही लावा.

आठवीतली परीक्षा आणि हुकणारे पैसे

वाचन कच्चे राहिल्याची किंमत रुपयांतही मोजता येते. आठवीत 'राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती' परीक्षा होते. सरकारी, अनुदानित आणि नगरपालिका-जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांना ती देता येते. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख रुपये आहे. सातवीत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जातीच्या मुलांना त्यात पाच टक्क्यांची सूट आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. मानसिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन प्रश्नपत्रिका असतात आणि प्रत्येकीत ९० प्रश्न असतात. ज्याचे वाचन भराभर होत नाही, त्याचा वेळ प्रश्न वाचण्यातच संपतो. उत्तर येत असूनही तो मागे राहतो.

याशिवाय शासनाची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. पाचवीत असताना दिली जाणारी नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा आहे. सहावीपासून अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी शासकीय निवासी शाळा आहेत. कोणत्या इयत्तेत कोणती परीक्षा आणि कोणते दाखले लागतात, हे नियम मधूनमधून बदलतात. म्हणून शाळा सुरू होताच जून महिन्यात मुख्याध्यापकांना भेटून विचारावे. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. शेवटच्या दिवशी तहसील कार्यालयाच्या रांगेत उभे राहून आपल्या किती मुलांची संधी गेली आहे!

शाळेच्या दारात संघटित व्हा

सगळा भार घरावर टाकून शासनाला मोकळे सोडायचे, असे आमचे म्हणणे नाही. शिकवण्याची जबाबदारी शाळेची आहे आणि ती कायद्याने आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आपल्या वस्तीतल्या शाळेच्या समितीवर कोण आहे, हे तुम्हाला माहीत आहे काय? अनेकदा नावे कागदावर असतात आणि सभा सहीपुरती होते. पुढच्या सभेला आपल्या आयाबहिणींनी जावे. शांतपणे, पण ठामपणे विचारावे : शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे एक शिक्षक हा कायद्याचा नियम पाळला जातो काय? तिसरीत वाचता न येणारी मुले किती आणि त्यांच्यासाठी काय चालले आहे?

मुलाला जातीवरून बोलले जात असेल, वेगळे बसवले जात असेल, मारले जात असेल, तर तो मुकाट्याने गिळण्याचा अपमान नाही. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ याच कायद्याने बंद केले आहेत. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. एकट्याने जाऊ नये, चार पालकांनी मिळून जावे. आणि जे शिक्षक तळमळीने शिकवतात, त्यांचा विहारात बोलावून सत्कारही करावा. अशा शिक्षकांमुळेच आपण इथवर आलो आहोत.

वर्षावासात एवढे करू या

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. विहाराविहारांतून सायंकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. बहुतेक ठिकाणी एक जाणते उपासक वाचतात, माणसे ऐकतात आणि मुले मागे बसून चुळबुळ करतात. या वर्षी त्यात थोडा बदल करावा. या ग्रंथात मजकूर लहान लहान क्रमांकांत बांधलेला आहे. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक मुलामुलीला एकेक क्रमांक वाचायला द्यावा. आदल्या दिवशी सांगून ठेवावे, म्हणजे मूल घरी चार वेळा वाचून येईल. वाचताना चुकले तर कुणी हसू नये. बाजूला बसलेल्या ताईने हळूच शब्द सांगावा. वाचून झाले की सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात.

आणि ज्याला तेवढेही वाचता येत नाही, त्याची नोंद एका वहीत करावी. वस्तीतल्या बारावीच्या दोन मुली आणि दोन मुले त्या वहीतली नावे वाटून घेतील. पाच-पाच मुले, रोज एक तास, विहाराच्या ओट्यावर. वर्गणी काढायचीच असेल तर या वर्षी लाउडस्पीकरपुरती कमी काढा आणि त्या पैशांत पहिली ते चौथीची पुस्तके, पाट्या, वह्या आणि त्या मुलामुलींना थोडे मानधन द्या. आश्विन पौर्णिमेला ती वही पुन्हा उघडा. कुणाचे नाव खोडले गेले आणि कुणाचे राहिले, ते सगळ्या वस्तीसमोर मोजा. राहिलेल्या नावांसाठी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ओट्यावर बसा.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये शंभर मुले मोजली होती. आपण निदान आपल्या गल्लीतली मोजू या.

जय भीम!